सुभेदारांचे दोन शब्द

"आधी जागा, मग गाणं," असं म्हणून आकाराम सुभेदारांनी गोठ्यातलं चऱ्हाट काढलं आणि पिशवीत कोंबलं.

अंबूबाई दशम्या फडक्यात बांधत होती. तिनं मान वर केली. "आवं, चऱ्हाट कशाला? म्हस न्यायची हाय का साताऱ्याला?"

"तुला काय कळतंय? कार्यक्रम फुकट हाय. फुकट म्हटल्यावर माणूस आजारी सासूला पाठीवर घालून आणतो. उनं उतरल्यावर गेलो तर तुझी आक्का मैदानाच्या भाईर उभी ऱ्हाईल, सांगून ठिवतो."

"पर मी काय म्हणते..."

"तू तुझं गायचं बघ. बाकीचं सगळं माझ्याकडं."

अंबूबाई पुन्हा दशम्या बांधू लागली. बाकीचं सगळं सुभेदारांकडं असणं ही उंब्रजच्या त्या घराची जुनी रीत होती. फौजेत असताना ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि वर्षाचं बोलून जायचे. पेन्शनीत आल्यावर तर घरातलं बोलायचं खातंच त्यांनी ताब्यात घेतलं. वाटाण्याच्या उसळीपासून चीनच्या सरहद्दीपर्यंत कुठलाही विषय निघो, बाकीच्यांनी 'व्हय' म्हणायचं तेवढं शिल्लक ठेवलेलं.

साताऱ्यात राजवाड्यासमोरच्या मैदानावर दर मे महिन्यात उन्हाळी महोत्सव भरायचा. प्रवेश मोफत, खुर्ची मोफत, वर कसलं ना कसलं सरबतही मोफत. गाणी, नाच, पोवाडे, खाऊच्या गाड्या, आणि गर्दी अशी की राजवाड्याच्या बुरुजावरचं कबूतरही अंग चोरून बसावं. यंदा त्यात अंबूबाईचं नाव लागलं होतं. झालं असं की सून क्रांतीनं एक दिवस सासूच्या ओव्या चोरून मोबाईलवर घेतल्या आणि समितीला पाठवल्या. समितीचा फोन आला, लोकपरंपरा म्हणून काकूंना थोडा वेळ देतो, ऑर्केस्ट्राच्या आधी. आणि साठी उलटलेल्या अंबूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता "व्हय, येते" म्हणून टाकलं.

तिच्या ओव्या काही तिच्या आईच्या होत्या, काही तिनं स्वतः जोडलेल्या. आधी जात्यावर, जातं गेल्यावर भांगलताना. पण चार माणसांत ती कधी गायली नव्हती. सासरा होता तोवर सासऱ्याची लाज, सासरा गेल्यावर सासूची, आणि सासू गेल्यावर सवयीची. आता एकदाच, माईकवर, लोकांसमोर म्हणायचं एवढं एकच तिच्या मनानं घेतलं होतं. तेवढ्यासाठी आटपाडीहून तिची थोरली बहीण हरणाबाई, गुडघे धड नसताना, दोन एस्ट्या बदलून येऊन राहिली होती.

सुभेदारांनाही अभिमान होता, नव्हता असं नाही. त्यांनी भावकीत घरोघरी जाऊन सांगितलं, जीप ठरवली, सगळ्यांना जागा धरून ठेवतो असा शब्द दिला. फक्त एक राहून गेलं. बायको नक्की काय म्हणणार आहे हे त्यांनी ऐकलं नव्हतं. अंबूबाई सरावाला बसली की पहिल्या ओळीला ते हात वर करायचे, "थांब, थांब. माईकपुढं उभं कसं ऱ्हायचं ते आधी बघ." मग उभं कसं राहायचं हे जेवणवेळेपर्यंत चालायचं. शेवटी दोघी बहिणी गोठ्यात जाऊन सराव करू लागल्या. म्हशी मधे बोलत नाहीत.

तर जीप मागून यायची होती, आणि सुभेदार भर दुपारच्या उन्हात एकटेच एस्टीनं साताऱ्यात उतरले. मैदानावर मांडव उभा होता, खुर्च्या लागल्या होत्या, माणूस एक नव्हतं. त्यांनी मंचासमोरच्या पहिल्या दोन रांगा निवडल्या आणि खुर्च्यांच्या पायांतून चऱ्हाट ओवून दोन्ही टोकांना अशी गाठ मारली की खुर्ची हलवायची तर अख्खी रांग हलवायला लागावी.

मांडव, खुर्च्या आणि माईक, तिन्हीचं काम लियाकत मंडपवाल्याकडं होतं. तो वायरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आला आणि बघतच राहिला.

"सुभेदार, हे काय?"

"जागा धरलीय."

"रुमाल टाकत्यात, टोपी ठिवत्यात, एकानं मागं चप्पल ठिवली हुती. खुर्च्यांला दावं लावल्यालं आज बघतोय."

"रुमाल काय, लोक उचलून नाक पुसत्यात. ही गाठ फौजेतली हाय. सुटायची न्हाई."

"आवं, पर खुर्च्या माझ्या हायत!"

"मग बरंच हाय की. आज तुमची एक खुर्ची चोरीला जायाची न्हाई."

लियाकतनं कपाळाला हात लावला आणि वायर ओढत निघून गेला. त्याला रात्री सगळा मांडव उतरवायचा होता. एका सुभेदारापायी तो रक्त आटवणार नव्हता.

ऊन कलायला लागलं तशी माणसं येऊ लागली. पाच वाजता मागच्या रांगा भरल्या, मग मधल्या, मग कडेच्या भिंतीवर पोरं चढली. पहिल्या दोन रांगा मात्र तशाच मोकळ्या आणि त्यांच्या मधोमध सुभेदार एकटे, पिकात उभं केलेलं बुजगावणं असावं तसे.

"हितं कोण हाय का?"

"येणारेत."

"ही?"

"तिथंबी येणारेत."

"सगळ्याच?"

"दोन्ही रांगा."

एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली. लेकरू उन्हानं मलूल झालेलं. "बाबा, एवढी एक द्या. तुमची माणसं आली की उठते."

सुभेदारांना क्षणभर वाटलं द्यावी. पण एकदा दावणीचं एक जनावर सुटलं की सगळी सुटतात. "न्हाई जमायचं बाई. माझी मंडळी गाणार हाय आज. आमचीच माणसं लय हायत." बाई मागं गेली आणि जमिनीवर बसली. सुभेदारांनी तिकडं बघायचं टाळलं.

आणि माणसं कुठं होती? सुभेदारांनी फोन लावला. उचलला चुलतभाऊ गुंडानं.

"आरं गुंडा, कुठवर आला?"

"आलो की दादा मगाच. गेटापाशीच हाय."

"मग ये की आत!"

"ताकाच्या लाईनीत हाय. फुकट वाटत्यात. दोन गिलास झालं, तिसऱ्याला नंबर लागलाय. बाकीचं समदं साखर तपासाय गेल्यात."

"कसली साखर?"

"रक्तातली. तीबी फुकट हाय."

"आरं गाढवा, हितं लोक मला खायला उठल्यात! खुर्च्या रिकाम्या हायत!"

"तुमी हाईसा की दादा," गुंडा निर्धास्तपणे म्हणाला. "तुमी असल्यावर कुणाची टाप हाय?"

फुकट ते पौष्टिक. भावकीतल्या एकाही माणसाला ताक सोडवेना. शेवटी क्रांती हरणाबाईला हाताला धरून आत घेऊन आली, दोराच्या आत बसवलं आणि सासूला घेऊन मंचामागं गेली. दोन रांगांत आता दोन माणसं झाली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "अय मिल्ट्री, खुर्च्यांला वैरण घातली का?" अशी चौकशीही एकानं केली.

"पाव्हणं, द्या की सोडून," हरणाबाई हळूच म्हणाली. "मला एक खुर्ची लय झाली."

"आक्का, तुमी बसा. हे आता खुर्चीचं ऱ्हायलं न्हाई."

मंचावर तोवर महोत्सव सुरू झाला होता. म्हणजे सत्कार सुरू झाले होते. आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो करणाऱ्यांचा सत्कार होतो, मग तो होऊ देणाऱ्यांचा, मग तो अडवू शकले असते पण अडवला नाही त्यांचा. निवेदक ऋषिराज नावाचा तरुण होता, गळ्यात उपरणं आणि आवाजात साय. "ज्यांच्या उदार कर्तृत्वाच्या सावलीत हा सोहळा फुलतो आहे..." असं म्हणत तो एकेकाला वर बोलवत होता. ज्याला आधी हार घातला त्याच्या हस्ते पुढच्याला, पुढच्याच्या हस्ते त्याच्या पुढच्याला. शालीच्या घड्या मोडत होत्या, नारळ हात बदलत होते. लोक ऊन सोसून गाणं ऐकायला आले होते आणि नारळ बघत होते.

सुभेदारांचा पारा चढायला लागला. मंचाच्या कडेला, पडद्याच्या फटीतून त्यांना अंबूबाईचं हिरवं लुगडं दिसत होतं. ती मगापासून उभी होती. खुर्ची दिली तरी बसत नव्हती, लुगडं चुरगळेल म्हणून.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष हंबीरराव यांचे पाहुणे आले. पांढऱ्या कपड्यांतली डझनभर मंडळी. स्वयंसेवक पुढं झाले.

"आजोबा, ह्या रांगा पाहुण्यांच्या हायत. सोडा दोर."

"कुणाच्या पाव्हण्याच्या? मी दुपारपास्नं हितं तापतोय. मवाली कुठला!"

"आवं, तिथं पाटी हुती राखीव म्हणून."

"पाटीवर मी पिशवी ठिवलीय."

स्वयंसेवकांनी दोर ओढला. गाठ सुटली नाही. ती फौजेतली होती हे खरंच होतं. सगळी रांग एकदम फरफटली, हरणाबाई खुर्चीसकट हातभर पुढं सरकली आणि "आगं आई गं!" म्हणून ओरडली. मग मात्र सुभेदार खवळले. ते खुर्चीवर चढले आणि परेड मैदानावरचा आवाज काढला.

"बंद करा हे सत्कार! लोक काय तुमचं नारळ बघाय आल्यात व्हय? कलाकार माणसं मागं ताटकळत उभी हायत, आन तुमी एकमेकांच्या गळ्यात पडताय! कुणी बोलवलं तुमाला? गाणं लावा, गाणं!"

सगळं मैदान उसळलं. मगाशी शिट्ट्या मारणारेच टाळ्या वाजवू लागले. "व्हय! गाणं लावा!" लेकरू घेऊन आलेली ती बाईसुद्धा उठून उभी राहिली. जिंकलेल्या माणसासारखे सुभेदार मैदानाकडं बघत राहिले. आयुष्यात इतक्या माणसांनी त्यांच्या बोलण्याला एकदम 'व्हय' म्हटलं नव्हतं.

इथं हा माणूस खाली उतरून गप बसला असता तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण हंबीरराव काल राजकारणात आलेले नव्हते. भांडणाऱ्या माणसाला धक्के मारून बाहेर काढलं की तो उद्या पेपरात जातो, आणि हार घातला की तो आपला होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते ऋषिराजच्या कानाला लागले. ऋषिराजनं माईक तोंडापाशी नेला.

"रसिकहो! आत्ता ज्यांनी आपल्या सर्वांच्या मनातली तळमळ व्यक्त केली, ते आहेत उंब्रजचे सुपुत्र, ज्यांनी तारुण्य देशाच्या सीमेवर वेचलं, असे सुभेदार आकाराम! या वीराचा सन्मान केल्याशिवाय हा सोहळा पुढं जाऊच शकत नाही!"

"न्हाई, न्हाई, मला नगो," सुभेदार म्हणाले. पण ते म्हणेपर्यंत दोघांनी त्यांना खुर्चीवरून उतरवून हाताला धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर पायही मंचाकडंच चालत होते.

सत्काराची सुरुवात फेट्यानं झाली, आणि फेटा साधा नव्हता. फेटेवाला होता जुन्या वळणाचा, डोक्यावर बांधूनच द्यायचा. तो एक पीळ घाली, लांब होऊन बघे, पुन्हा सोडी. मग शाल, मग नारळ, मग फोटो. मग फोटो चांगला न आल्यानं पुन्हा शाल. ताकाच्या रांगेत आपल्या दादाचं नाव भोंग्यावर ऐकून भावकी गिलास टाकून धावत आत आली आणि दोराच्या आत धपाधप बसली. दोन्ही रांगा भरल्या. ते बघून सुभेदारांचा ऊर भरून आला.

"सुभेदार, दोन शब्द," ऋषिराज म्हणाला आणि माईक त्यांच्या हातात दिला.

माईक हातात आल्यावर दोन शब्द बोललेला माणूस या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे.

"मी भाषण करणार न्हाई," सुभेदारांनी सुरुवात केली. टाळ्या. "मला भाषणाची चीड हाय. लांबड लावणारा माणूस म्हंजे समाजाला लागल्याली कीड हाय." पुन्हा टाळ्या. मग लांबड का लावू नये याची त्यांनी कारणं दिली. एक कारण जम्मूतलं होतं, तिथं एका साहेबाच्या भाषणात जवान उन्हानं कोसळला होता. जम्मू आलं म्हटल्यावर बर्फ आला. बर्फ आल्यावर सरहद्द आली. सरहद्दीवरच्या थंडीत दाढीला बर्फ कसा लटकतो हे सांगताना समोरचं घामाघूम मैदान असं गप्प झालं की सुभेदारांना आपण काय बोलतो यापेक्षा आपण बोलतो याचंच नवल वाटू लागलं.

बाजूला पडद्याच्या फटीतून अंबूबाई हात हलवत होती. आधी हळू, मग जोरात. तिला वाटलं नवऱ्यानं बघितलं. नवऱ्यानं बघितलंच. त्यांना वाटलं, बायको कौतुकानं हात हलवते आहे. त्यांनी तिला मान डोलावून पोच दिली आणि आणखी रंगात आले.

"आता माझी मंडळी हितं गाणार हाय," ते म्हणाले. अंबूबाईनं पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढं टाकलं. "पर ती गायच्या आधी ओवी म्हंजे काय, हे तरुण पिढीला सांगणं माझं काम हाय."

अंबूबाईचं पाऊल तिथंच थांबलं.

मग त्यांनी ओवी समजावून सांगितली. जातं सांगितलं, जात्याचा खुंटा सांगितला, पहाट सांगितली, बाईच्या जातीचे कष्ट सांगितले. न ऐकलेल्या ओव्यांवर एवढं बोलणारा माणूस मंचावर पूर्वी कधी उभा राहिला नसेल. मैदानावरच्या बायका डोळे पुसत होत्या. हरणाबाईही पुसत होती, पण तिचं कारण वेगळं असावं.

खाली लियाकत घड्याळ दाखवून दाखवून थकला. सांगलीचा ऑर्केस्ट्रा येऊन मागं वाद्यं मांडून बसला होता, आणि त्यांना इथलं आवरून परत सांगलीला एका हळदीत वाजवायला जायचं होतं. त्यांचा मालक हंबीररावांना म्हणत होता, "साहेब, आता चालू करतो, न्हाईतर गाडी भरतो. मग तुमी आन तुमची पब्लिक." हंबीररावांनी पब्लिककडं बघितलं. पब्लिक ऑर्केस्ट्रासाठी आली होती, हे त्यांना सुभेदारांपेक्षा चांगलं कळत होतं.

"...तर एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," सुभेदार म्हणाले आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्यांनी मोठ्या रुबाबात पडद्याकडं हात केला. "ये गं! म्हण आता!"

पण माईक त्यांच्या हातातून ऋषिराजनं कधीच काढून घेतला होता. "रसिकहो, वेळेअभावी लोकपरंपरेचा पुढील भाग आपण नाइलाजानं रद्द करत आहोत. मात्र आजच्या ज्येष्ठ ओवीगायिका अंबूबाई यांचा सत्कार व्हायलाच हवा!"

कारण सन्मानचिन्हावर नाव छापून आलं होतं. गाणं रद्द करता येतं. छापलेलं नाव वाया घालवायची आपल्याकडं पद्धत नाही.

"आणि हा सत्कार," ऋषिराज गहिवरला, "प्रत्यक्ष सुभेदारांच्याच हस्ते!"

अंबूबाई चालत मंचावर आली. कुणीतरी सुभेदारांच्या हातात शाल दिली, ती त्यांनी बायकोच्या खांद्यावर घातली. नारळ दिला, तो तिनं घेतला. "अत्यंत भावस्पर्शी ओव्या सादर केल्याबद्दल..." ऋषिराज चिठ्ठी वाचत होता. मैदानानं टाळ्या वाजवल्या. भावकीनं जास्त वाजवल्या. सुभेदारांनाही हात मोकळे झाल्यावर काय करावं सुचेना, म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात अंबूबाईनं त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यांचे हात अर्ध्यातच थांबले.

"आवं, मला एकच म्हणू द्या की," ती ऋषिराजला म्हणाली. आवाज अगदी लहान होता. "एकच कडवं."

"काकू, पुढच्या वर्षी नक्की. बाजूला व्हा जरा, ड्रमसेट यायचाय."

परतताना जीपमध्ये सुभेदारांच्या भाषणाशिवाय दुसरा विषय नव्हता. गुंडा म्हणाला, "दादा, त्या बर्फाच्या येळंला माझ्या अंगावर काटा आला, आईशप्पत." दुसरा म्हणाला, "दादानं हंबीररावाचं पार पाणी पाणी केलं." वहिनींचं गाणं कसं झालं, असं साखर तपासायच्या रांगेतच अडकलेल्या एकानं विचारलं. झालं नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "आसूं दे, सत्कार तर झाला न्हवं?" सुभेदार फेट्यात घाम गाळत बसले होते. एरवी त्यांनी जीपच्या आरशात फेटा न्याहाळला असता, आज मात्र ते बाहेरच्या अंधारात बघत राहिले.

सकाळी क्रांती पेपर घेऊन आली. "मामा, बातमी आलीय." तिचा चेहरा हसावं की रडावं असा झाला होता. तिनंच वाचलं, "'अंबूबाईंच्या ओव्यांनी सातारकर मंत्रमुग्ध.' खाली लिहिलंय, 'त्यांच्या आर्त स्वरांनी अनेकांचे डोळे पाणावले.'"

हरणाबाई आपलं गाठोडं बांधत होती. आटपाडीची एस्टी गाठायची होती. गाठ मारता मारता ती म्हणाली, "पाव्हणं, राग मानू नगा. काय म्हणणार हुती ते तरी ठावं हाय का तुमाला?"

"आईच्या ओव्या. जात्यावरच्या."

"आईच्या दोन. बाकीच्या तुमच्यावर हुत्या."

सुभेदारांच्या हातातला चहा तसाच राहिला. हरणाबाईचा घसा केव्हाच गेला होता. तिला गाता येत नव्हतं. ती नुसती बोलल्यासारखं म्हणाली,

"कंथ माझा शिपाई, सुट्टी घावंना दिवाळीला,
पणती लावते एकली, काय सांगू गं सावलीला.

पत्रात काय लिवू, मला लिवाया येत न्हाई,
जात्याच्या तोंडामधी मूठ मनाची घालते बाई."

"आनखी लय हायत," ती म्हणाली. "तुमी फौजेत हुता तेवढ्या वर्साच्या. ती येक येक करून रचत बसायची. मी म्हटलं, घरातच म्हणून दाखव की त्यास्नी. तर न्हाई म्हणाली."

अंबूबाई चुलीपुढं पाठमोरी बसली होती. सुभेदारांना बराच वेळ शब्द सापडेना. असं त्यांच्याबाबतीत कुणी बघितलं नव्हतं. क्रांतीनं पेपर हळूच घडी करून ठेवला.

"अंबू," ते शेवटी म्हणाले. "लय चुकलं माझं. खरंच चुकलं. आता म्हण की. हितं कोण न्हाई. मी ऐकतो, सगळं ऐकतो."

अंबूबाई वळली. ती रागावली असती तर सुभेदारांना बरं वाटलं असतं. ती नुसती दमलेली होती.

"घरात कितीक डाव सुरू केली मी. पयली वळ झाली की तुमी मधी बोलता. तवा म्हटलं, माईकवरनं म्हणावी, भरल्या मैदानात. तिथं तरी ह्यास्नी मधी बोलता यायचं न्हाई. तिथं तरी गुमान बसून ऐकायला लागंल." तिनं पदरानं चेहरा पुसला. "म्हणून मी व्हय म्हटलं हुतं. लोकास्नी ऐकवायला काय न्हवं."

हरणाबाईनं गाठोडं उचललं. क्रांतीनं खाली बघितलं. घर इतकं गप्प झालं की गोठ्यातली म्हैस रवंथ करते तेही ऐकू येत होतं. अंबूबाई भिंतीला टेकली, डोळे मिटले, आणि खरंच एकदा तिनं घसा साफ केला.

"तसं न्हाई अंबू," सुभेदार कळवळून म्हणाले. "त्याचं काय हाय, मी तुला नीट समजावून सांगतो..."

अंबूबाईनं डोळे उघडले. ती उठली आणि बहिणीला एस्टीवर सोडायला निघून गेली.